मानेखालचं सगळं

ॲम्ब्रोज टकेटने उभ्या आयुष्यात एकही चेहरा रंगवला नाही. मानेपर्यंत मालकांचं राज्य, मानेखालचं सगळं त्याचं. कोट, झगे, बूट, गालिचे, मखमली पडदे, मागचा दगडी खांब आणि खांबापलीकडचं आभाळसुद्धा. हात तेवढे मालक स्वतः करायचे. आमचे मालक मिस्टर व्हिटकोम हे एक्सेटरमधले नावाजलेले चित्रकार. डेव्हनमधल्या कितीतरी मोठ्या घरांत त्यांच्या सहीची चित्रं टांगलेली आहेत. त्यांतल्या प्रत्येकात वीतभर चेहरा मालकांचा आणि बाकीचं पाच हात चित्र ॲम्ब्रोजचं. मला याचा फार राग यायचा. त्याला कधी आला नाही. तो म्हणायचा, "चेहऱ्याला लोक नावं ठेवतात ऑनर. नाक असं का, हनुवटी तशी का. बुटाला आजवर कुणी नाव ठेवलेलं नाही."

ऑनर म्हणजे मी. त्या घरात मी बावीस वर्षं स्वयंपाकीण होते आणि आता टकेटांच्या शेजारच्या खोलीत राहते. मधली भिंत इतकी पातळ आहे की त्याची बायको केझाया शिंकली तर मी इकडून तिच्यासाठी देवाचं नाव घेते. तेव्हा मी सांगते आहे त्यात ऐकीव फारसं काही नाही.

मोठ्या घरांना चित्रांची जोडी लागायची. नवरा एका कापडावर, बायको दुसऱ्यावर, दोघं डोक्यापासून पायापर्यंत अख्खे आणि खऱ्या माणसाएवढे. मध्ये भिंतीतली शेकोटी, आणि दोघांची अंगं एकमेकांकडे थोडी वळलेली. नवराबायको घरात एकमेकांचं तोंड बघत नसतील, पण भिंतीवर बघायचे. ही माणसं आमच्याकडे फार तर तीनदा यायची, तासभर बसायची, तेवढ्यात मालक चेहरा उतरवून घ्यायचे. मग त्यांच्या कपड्यांची पेटी यायची. कपड्यांच्या आत उभं कोण राहणार, हा आमचा प्रश्न असायचा.

त्यासाठी आमच्याकडे सांध्यासांध्यांत वाकणारी एक लाकडी बाई होती. साध्या कामाला ती चालायची. पण साटीनचा झगा तिच्या अंगावर मेल्यासारखा पडायचा, त्यामुळे मोठं काम आलं की मालकांना जिवंत अंग लागायचं. आणि त्यांचा दंडक असा, की कुणी कुणाला आपलं अंग उसनं दिलं हे त्या खोलीच्या दाराबाहेर जाता कामा नये. "लोकांना वाटू दे आपणच इतके ताठ उभे होतो," ते म्हणायचे. "त्याचेच तर ते पैसे देतात."

अठराशे सहाच्या उन्हाळ्यात लँगकोमच्या व्हिडन घराण्याची जोडी आली. मिस्टर व्हिडन तीनदा आले आणि दोनदा खुर्चीत झोपले. मिसेस व्हिडन आल्या तेव्हा त्यांना सातवा महिना चालू होता. त्या पाय चौकीवर टाकून बसायच्या, माझ्याकडून चेरीची बशी मागवायच्या आणि बिया मुठीत ठेवायच्या. फार गोड बाई. पण पांढऱ्या साटीनच्या झग्यात सडपातळ उभ्या राहणं त्यांच्याकडून होण्यासारखं नव्हतं, हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

तेव्हा मालकांनी केझायाला बोलावलं. ती आमची परटीण. पेट्यांतून आलेले चुरगळलेले कपडे इस्त्री करून द्यायचं काम तिचं. अंगाने उंच, पाठ सरळ, आणि जिभेला धार अशी की मीसुद्धा जपून असायचे. तिला झगा चढवला, लेसची ओढणी दिली आणि मिसेस व्हिडनच्या रेशमी सपाता पायांत घातल्या. सपाता दोन बोटं लहान. सहा आठवडे ती टाचा बाहेर काढून उभी राहिली.

"तुझ्या बाईसाहेबांचे पाय आहेत की बाहुलीचे?" ती ॲम्ब्रोजला विचारायची.

"बोलू नकोस. बोललीस की घड्या हलतात."

"घड्या हलतात. आणि माझी बोटं मोडली ती?"

"ती चित्रात नाहीत."

व्हिडनसाहेबांच्या अंगासाठी मात्र कुणी मिळेना. शेवटी ॲम्ब्रोजने त्यांचा निळा कोट, पिवळट तुमान आणि गुडघ्यापर्यंतचे बूट स्वतः चढवले आणि मोठ्या आरशासमोर उभा राहून आपलंच अंग बघत रंगवलं. बूट त्याला सैल होत होते. लँगकोमला जाऊन ते रुबाबदार बूट बघणाऱ्या कुणालाच ठाऊक नाही की त्यांच्यात माझी स्वयंपाकघरातली फडकी कोंबलेली होती, आणि ती मला परत मिळाली नाहीत.

सहा आठवडे एक माणूस तुमच्या अंगावरच्या सुरकुत्या न्याहाळत बसला, तर तो एक तर नजरेतून उतरतो किंवा मनात बसतो. केझायाच्या तो मनात बसला. ऑक्टोबरात त्यांनी लग्न केलं. केक मी केला होता, केशर घातलेला, आणि तो मालकांनी निम्मा खाल्ला.

एक गोष्ट तेवढी राहून गेली. केझायाने ते चित्र पाहिलं नाही. उभं राहणाऱ्याने कापडाच्या पुढच्या बाजूला यायचं नाही, हाही मालकांचाच दंडक. चित्र पुरं झालं तेव्हा ती आजारी आईकडे टॉपशमला गेलेली, आणि परत आली तोवर गाडी जोडी घेऊन लँगकोमला पोचलीसुद्धा होती. तिने तेव्हा खांदे उडवले. म्हणाली, जाऊ एखाद्या रविवारी.

तो रविवार आला नाही. आधी कामं होती, मग एक मूल झालं आणि राहिलं नाही, आणि तिसऱ्या हिवाळ्यात धुण्याची टोपली घेऊन उतरताना बर्फ जमलेल्या पायरीवरून ती खाली गेली. कंबरेचं हाड मोडलं. वैद्याने बांधलं ते वाकडं जुळलं. तेव्हापासून केझाया खिडकीजवळच्या पलंगावर आहे. मांडीवर उशी घेऊन ती लेस विणते. दोन काठ्या घेऊन दारापर्यंत जाते, तेही माझ्याशी भांडायचं असेल तर.

आणि ॲम्ब्रोज दरवर्षी ऑगस्टमध्ये लँगकोमला चालत जायचा. सात मैल जायचे, सात यायचे. घरची मंडळी तेव्हा समुद्रावर असायची, आणि तिथली कारभारीण बाहेरच्या लोकांना दिवाणखाना दाखवायची. हा जाऊन टोपी हातात धरून चित्राखाली उभा राहायचा आणि संध्याकाळी धुळीने माखून परत यायचा.

"आहे का अजून?" केझाया विचारायची.

"आहे."

"कशी आहे?"

"उभी आहेस," तो सांगायचा. "शेकोटीच्या उजव्या अंगाला. ताठ."

बास, एवढंच. दरवर्षी तेच. मला चीड यायची. घरात बायकोला पाण्याचा तांब्या उचलता येत नाही, आणि हा चौदा मैल तंगडतोड करून तिचेच पाय बघून येतो. एकदा मी हे त्याला तोंडावर सांगितलं. तो रागावला नाही. म्हणाला, "ऑनर, ती आता फक्त तिथेच उभी राहते." तेव्हापासून ऑगस्टच्या त्या दिवशी पाणी मी भरायला लागले.

मालक गेले त्याला नऊ वर्षं झाली. ॲम्ब्रोज आता खाणावळींच्या पाट्या आणि घोडागाड्यांची दारं रंगवतो. यंदाच्या वसंतात थोरल्या मिसेस व्हिडन वारल्या. साहेब आधीच गेले होते. मृत्युपत्रात बाईंनी लिहून ठेवलं होतं की वडिलांचं चित्र मुलाकडे लँगकोमलाच राहावं आणि आईचं मुलीला मिळावं. मुलगी म्हणजे मिसेस लेटिशिया पर्किन, इथे कॅथीड्रलमागे राहणाऱ्या वकिलाची बायको. अठ्ठावीस वर्षं शेकोटीच्या दोन बाजूंना उभी असलेली जोडी अशी फुटली. मे महिन्यात चित्र गाडीतून एक्सेटरला आलं, आणि दुसऱ्याच दिवशी पर्किनबाईंचा निरोप आला की मिस्टर व्हिटकोमकडच्या जुन्या माणसाने येऊन जावं.

ॲम्ब्रोज गेला आणि तासाभराने परत आला. दार लावून घेतलं नाही, टोपी काढली नाही, तसाच स्टुलावर बसला. मी केझायाकडे वाटाणे सोलत होते.

"छत साडेसात फूट आहे," तो म्हणाला. "चित्र आठ फूट. वर चौकट."

"मग?" मी म्हटलं.

"मग कापायचं. चेहरा आणि हात ठेवायचे, खालचं काढून टाकायचं. म्हणाल्या, तुम्हीच ते कापड ताणलं होतं, तेव्हा तुमच्याच हाताने नीट होईल."

केझायाच्या हातातल्या लेसच्या काड्या थांबल्या. "जिन्यात नाही का लावता येणार?"

"जिना अरुंद आहे. तिरकं ठेवता येईल का तेही बघितलं. वरच्या खोल्या तर आणखीच बुटक्या. वकीलसाहेब म्हणतात शनिवारी जेवायला माणसं यायची आहेत, त्याआधी लागलं पाहिजे." त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "चेहरा ठेवतील. बरोबर आहे. आई त्यांची. त्यांना चेहराच हवा."

"आणि खालचं?"

"जाळणार आहेत."

मी म्हटलं, "जाळतात कशाला? मागून घे की."

"मागितलं. म्हटलं, बाईसाहेब, तो तुकडा मला द्या. त्या म्हणाल्या, आईचं चित्र मी कुणाच्या अडगळीत पडू देणार नाही, त्याच्यावर कुणी दुसरं काही रंगवलेलं मला चालणार नाही. त्यापेक्षा मी स्वतः जाळीन. चांगल्या आहेत हो त्या. रडत होत्या बोलताना."

केझाया खिडकीबाहेर बघत होती. तिचा नेहमीचा टोमणा येईल म्हणून मी वाट पाहिली. आला नाही.

"जाळण्याआधी एकदा बघायला मिळेल का मला?" ती म्हणाली.

अठ्ठावीस वर्षांत तिने हे पहिल्यांदाच मागितलं. मग मलाच राहवेना, मी ॲम्ब्रोजला म्हटलं,

"अरे, सांगून टाक ना त्या बाईला! आईचे पाय नाहीत म्हणावं ते, माझ्या बायकोचे आहेत. मालकांचा शब्द, मालकांचा शब्द! मालक नऊ वर्षं मातीत आहेत."

"मालकांचं नाही गं," तो म्हणाला. "आई जाऊन महिना नाही झाला तिची. आता मी जाऊन सांगू, की तू ज्या आईकडे बघत मोठी झालीस ती अर्धी एक परटीण होती?"

"परटीण म्हणायला तुझी जीभ बरी वळते," केझाया म्हणाली, पण त्यात नेहमीचा जोर नव्हता. मग ती हळूच म्हणाली, "नको सांगूस. पोरीची आई गेली आहे. राहू दे."

आणि तिने पुन्हा लेस घेतली. मी वाटाणे अर्धे तसेच टाकून घरी आले, कारण मला रडू येत होतं आणि ते मी तिला दाखवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ॲम्ब्रोजने मला बरोबर नेलं. एवढं मोठं कापड सांगाड्यावरून उतरवताना दुसरं टोक धरायला सवयीचं माणूस लागतं, आणि त्या घरात मी स्वयंपाक कमी आणि असलीच कामं जास्त केली होती. पर्किनबाईंच्या जेवणघरात टेबलं जोडून त्यावर चादर घातली होती. चित्र भिंतीला टेकवून आडवं ठेवलेलं. आम्ही ते सोडवलं आणि उताणं पसरलं.

मीही ते इतक्या वर्षांनी पाहत होते. मालकांनी चेहरा छान केला होता, त्यांचं श्रेय त्यांना. पण खालचा तो झगा! पांढरा म्हणावा तर त्यात पांढरं कमीच होतं. निळसर, राखाडी, लोण्याच्या रंगाचं, आणि गुडघ्याजवळ जिथे पाय पुढे आला आहे तिथे एकच लांब उजळ रेघ. आत माणूस आहे हे कळत होतं. माणूस कोण आहे हे मला कळत होतं. एका पायावर भार टाकून, दुसरं पाऊल पुढे काढून, कुणीतरी काही उलट बोललं तर लगेच उत्तर देईल अशी केझाया तिथे उभी होती. बावीस वर्षांची होती तेव्हा.

ॲम्ब्रोजने हातांच्या खाली खडूची रेघ ओढली. पट्टी ठेवली. सुरी काढली.

"थांबा जरा," पर्किनबाई म्हणाल्या.

त्या टेबलाच्या खालच्या टोकाला आल्या आणि चित्रातल्या सपातेवर बोट ठेवलं. काळ्या कपड्यांत त्या फार लहान दिसत होत्या, अगदी आईसारख्या ठेंगण्या. "लँगकोमला हे चित्र जमिनीपासून थोडंच वर होतं," त्या म्हणाल्या. "लहानपणी माझा हात इथपर्यंतच पोचायचा. आई लंडनला गेली की दाई मला झोपायच्या आधी इथे आणायची. मी या पायाला सांगून झोपायला जायची. चेहरा फार उंच होता, तो मला नीट दिसायचाच नाही." त्यांनी बोट उचललं. "कापा आता."

ॲम्ब्रोजने सुरी खाली ठेवली.

मी तोंड उघडलं होतं. मला ओळखणाऱ्यांना हे सांगायला नको. पण आयुष्यात एकदा तो माझ्या आधी बोलला.

"बाईसाहेब, तुमचा जन्म कधीचा?"

"सप्टेंबर. अठराशे सहा. का?"

"हा झगा मी त्या जुलैत रंगवला."

त्यांना लगेच कळलं नाही. मग त्यांची नजर चित्रातल्या कंबरेवर गेली, सपाट, चापून बसलेल्या साटीनवर, आणि तिथेच राहिली.

"तुमच्या आई खुर्चीत बसायच्या," ॲम्ब्रोज म्हणाला. त्याचा आवाज इतका खाली गेला होता की मलाही कान द्यावा लागला. "पाय सुजायचे त्यांचे. चेरी खायच्या. या ऑनरने आणून दिलेल्या. तुम्ही लाथ मारलीत की हसायच्या आणि मालकांना म्हणायच्या, थांबा, चेहरा हलला. तो चेहरा त्यांचा आहे. हातही त्यांचेच, मालकांनी समोर बसवून काढलेले. बाकी उभं राहणारं माणूस दुसरं होतं. मला हे सांगायचं नव्हतं. पण तुम्ही जाळणार म्हणालात."

"कोण होतं?"

"माझी बायको. तेव्हा बायको नव्हती."

पर्किनबाई खिडकीकडे गेल्या. बाहेर कुणीतरी ओरडून कोंबड्या विकत होतं. मला वाटलं आता दोघांना हाकलून देणार, आणि मनात मी उत्तर तयार करायला लागले.

"म्हणजे मी रोज तुमच्या बायकोला सांगून झोपायची," त्या वळून म्हणाल्या.

"तसंच म्हणायचं, बाईसाहेब."

"आई हे मला कधी बोलली नाही."

"आम्ही कुणीच बोलायचं नाही असं होतं."

त्या परत टेबलाजवळ आल्या. आता चेहऱ्याच्या बाजूला. बराच वेळ आईच्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या, आणि एकदा हसल्यासारखं झालं. "चेरी खाताना लाथ मारली मी?"

"मारलीत," मी म्हटलं. "बी गिळली त्यांनी एकदा. मी पाठीत थोपटलं."

मग त्या खऱ्याच हसल्या, आणि मग रडल्या, आणि मी त्यांना माझा रुमाल दिला, जो तितकासा स्वच्छ नव्हता. रडून झाल्यावर त्यांनी विचारलं, "तुमची बायको हे बघायला आली असेल ना लँगकोमला?"

"नाही," ॲम्ब्रोज म्हणाला. "तिला चालता येत नाही. पंचवीस वर्षं झाली. तिने हे पाहिलेलंच नाही."

पर्किनबाईंनी रुमालाची घडी केली आणि मला परत दिली. "मग तिच्या घरी जाऊ दे," त्या म्हणाल्या. "कापा, टकेट. नीट कापा."

तेव्हा त्याने सुरी घेतली. साठीचा माणूस, सकाळी चहाचा पेला धरताना हात थरथरतो. पण ती रेघ त्याने एका ओढीत कापली. आपल्या हातच्या सगळ्यात चांगल्या कामावरून सुरी फिरवताना त्याला काय वाटलं असेल ते मी विचारलं नाही. कापून झाल्यावर त्याने कडेवरचा खडू ओल्या बोटाने पुसला, तेवढं मी बघितलं.

घरी येऊन त्याने तो तुकडा दोन पट्ट्यांवर ठोकला आणि केझायाच्या पलंगासमोर भिंतीला टेकवून थेट जमिनीवर ठेवला. वर कापड घातलेलं. केझायाने चष्मा काढला, पुसला, घातला, परत काढून पुसला.

"आता काय पाद्रीबाबांना बोलावू?" ती म्हणाली. "काढ ते कापड."

त्याने कापड काढलं.

ती बघत राहिली. मी तिच्या उशाशी होते. मला तिचा चेहरा दिसत नव्हता, हात दिसत होते, आणि ते पांघरुणावर अगदी स्थिर होते.

"खालची किनार वाकडी आहे," ती म्हणाली.

"किनार सरळ होती. तू एका पायावर भार द्यायचीस."

"सपाता चावायच्या म्हणून. माझी टाच बाहेर होती. टाच कुठाय?"

"झग्याखाली झाकली."

"मालकांनी सांगितलं?"

"नाही, मीच. तुझी टाच मी लोकांना कशाला दाखवू?"

केझायाने पांघरुणाची घडी नीट केली. ती लाजली असं मी म्हणणार नाही, पण म्हणायला हरकत नाही. मग तिने हात लांब केला, तो अर्थातच तिथपर्यंत पोचला नाही, तसाच हवेत राहिला.

"मला वाटायचं, मला बरं वाटावं म्हणून सांगतोस तू," ती म्हणाली.

"काय?"

"दरवर्षी यायचास आणि सांगायचास की उभी आहेस, ताठ आहेस. मी म्हणायची, सांगतो बिचारा. एवढं चालून येतो तर ऐकून घ्यावं." आणि ती रडायला लागली. ती पडली तेव्हा रडली नव्हती, मूल गेलं तेव्हा मी तिला भिंतीकडे तोंड करून पडलेली पाहिली होती, पण असं मोठ्याने, नाक वाहू देऊन रडताना पहिल्यांदाच पाहत होते. "अरे, खरंच उभी आहे की मी. खरंच उभी आहे."

ॲम्ब्रोज पलंगाच्या कडेला बसला. त्याने तिचा हात धरला नाही, धरला असता तर तिने झटकला असता. नुसता बसला. ती नाक पुसून परत बघायला लागली.

"हे पाऊल कुणाकडे वळलंय?" तिने विचारलं.

"माझ्याकडे. म्हणजे व्हिडनसाहेबांच्या बुटांकडे. शेकोटीच्या पलीकडे होते ना ते."

"आणि आता?"

"ते लँगकोमलाच राहिले. मुलाकडे."

"म्हणजे मी इथे एकटीच वळून उभी."

"हो."

केझायाने जरा विचार केला. "ऊठ," ती म्हणाली. "तिकडे जा. भिंतीपाशी, त्या बाजूला. मी वळलीय तिकडे."

"का?"

"जा म्हटलं की जा. त्या आरशासमोर उभा राहायचास तसा राहा. इस्त्री करताना दारातून बघायची मी तुला. एक पाय पुढे आणि हात कमरेवर, जणू सगळं डेव्हन तुझंच."

तो उठला. अंगात रंगाचे डाग पडलेला डगला, पायांत अंगठ्याशी फाटलेले बूट. भिंतीपाशी जाऊन त्याने पाय पुढे केला, हात कमरेवर ठेवला, छाती काढली. छातीबरोबर पोटही आलं.

"पोट आत घे."

"आत येत नाही आता."

"बरं, राहू दे." ती उशीला रेलली आणि चष्मा नाकावर नीट बसवला. कधी ती चित्रातल्या आपल्या पावलांकडे बघत होती, कधी त्याच्याकडे. "हनुवटी वर. हां, आता हलू नकोस."

तो हलला नाही. चुलीवरच्या किटलीचं झाकण वाजायला लागलं, तेव्हा मी उठून ती खाली उतरवली आणि चहा न टाकताच परत येऊन बसले. केझायाचं बघून व्हायचं होतं अजून.